२०१५-१६ चा गोलहिशेब : मोठ्या खेळाडूंची तुलना करताना ठेवलेल्या नोंदी

८ जून २०२५

काल रात्री तालमीत पुन्हा तोच वाद झाला, मेसी की रोनाल्डो. आमच्या कोल्हापुरात वर्ल्डकप आला की पेठापेठांत या दोघांचे फ्लेक्स लागतात आणि एरवीही हा वाद कधी थंड होत नाही. शेवटी आण्णा म्हणाले, "नुस्तं वरडून काय व्हनार? तू आकडं शिकलायस न्हवं? मग कागदावर मांडून दाव."

मांडतो म्हणालो. रोज रात्री तास-दोन तास द्यायचे. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. त्यावर पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि पँडाज (तिच्यातलं तक्ते हाताळायचं साधन) आहे. डेटा स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉलची आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीच्या मोफत साठ्यातला घेतोय. त्यात सामन्यातला प्रत्येक पास, शॉट, बदली खेळाडू मिनिट-सेकंदासह नोंदलेला असतो. नोंदी ठेवतोय, कारण पुढं कुणी हेच करायला बसलं तर माझ्या चुका त्याच्या वाट्याला येऊ नयेत.

९ जून

पहिली रात्र वाया गेली. साठ्यात ला लीगाचे, म्हणजे स्पेनच्या मुख्य लीगचे, बरेच मोसम दिसले, म्हणून सगळे उतरवून दोघांचे गोल मोजले. तक्ता मावसभावाला पाठवला. तो रोनाल्डोवाला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला, "दादा, रोनाल्डोचे एवढेच सामने?"

त्याचं बरोबर होतं. त्या मोसमांत मेसीचे, म्हणजे फक्त बार्सिलोनाचे सामने आहेत. रोनाल्डो त्यात दिसतो तो बार्सिलोनाविरुद्ध खेळतानाच. मेसी सगळ्या संघांशी खेळलेला आणि रोनाल्डो फक्त सगळ्यात अवघड संघाशी खेळलेला, अशी ती तुलना झाली होती. डेटात काय आहे ते बघण्याआधी काय नाही ते बघायला हवं होतं.

उपाय एकच सापडला. २०१५-१६ चा मोसम पाचही मोठ्या लीगचा (स्पेन, इंग्लंड, इटली, जर्मनी, फ्रान्स) जवळजवळ पूर्ण उपलब्ध आहे. कारकिर्दीचा वाद बाजूला ठेवून प्रश्न लहान केला : त्या एका मोसमात सगळ्यात चांगला गोल करणारा कोण? त्या वर्षी सुआरेझचे (बार्सिलोना) ४०, इब्राहिमोविचचे (पॅरिस) ३८, हिग्वेनचे (नापोली) ३६, रोनाल्डोचे (रेयाल माद्रिद) ३५, लेवांडोवस्कीचे (बायर्न म्युनिक) ३० आणि मेसीचे (बार्सिलोना) २६ लीग गोल होते. आण्णांना हे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले, पण चालेल म्हणाले.

१४ जून

थेट अठराशे सामन्यांना हात घालण्याऐवजी २०२२ च्या वर्ल्डकपवर सराव करतोय. ६४ सामने, आणि उत्तर सगळ्यांना पाठ : फ्रान्सचा एम्बापे ८ गोल, मेसी ७. माझ्या कोडनं तेच उत्तर दिलं तरच पुढं जायचं.

उत्तर आलं ९-९.

दीड तास शॉट पुन्हा पुन्हा तपासले. मग दोघांचे गोल मिनिटांसकट छापले तेव्हा लक्षात आलं. १२० मिनिटं संपल्यावरचे पेनल्टी शूटआउटही शॉट म्हणूनच नोंदलेले आहेत. मेसीनं नेदरलँड्सविरुद्ध आणि अंतिम सामन्यात एकेक मारला, एम्बापेनं अंतिम सामन्यात एक. शूटआउटला पाचवा कालखंड असा आकडा दिलेला असतो. तो गाळल्यावर ८-७ आलं.

मोठा डेटा हातात घेण्याआधी माहीत असलेलं उत्तर काढून बघा. ही पायरी केली नसती तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहिलं असतं.

१५ जून

आज मिनिटं. गोल भागिले सामने हा हिशेब अन्यायाचा आहे हे पटवायला एकच उदाहरण पुरतं. २६ सप्टेंबर २०१५ ला लास पाल्मासविरुद्ध मेसी सुरुवातीलाच गुडघा दुखावून बाहेर गेला आणि थेट २१ नोव्हेंबरला रेयाल माद्रिदविरुद्ध बदली म्हणून परतला. कागदावर हे दोन्ही पूर्ण सामने धरले जातात. म्हणून दर ९० मिनिटांमागे किती, असं काढायचं.

इथं दुसरी चूक झाली. खेळाडूची शेवटची मिनिट वजा पहिली मिनिट, असं काढलं. पण दुसऱ्या हाफचं घड्याळ पुन्हा ४५ पासून सुरू होतं, त्यामुळे पहिल्या हाफची वाढीव वेळ गायब होते. २०२२ मध्ये वाढीव वेळ भरपूर होती. इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही हाफ मिळून सुमारे २७ मिनिटं वाढवली होती. आता प्रत्येक हाफची लांबी वेगळी काढून बेरीज करतोय.

हातानं पडताळणीही केली. मेसी वर्ल्डकपमध्ये एक मिनिटही बाहेर बसला नाही : पाच सामने ९० चे, दोन १२० चे, एकूण ६९०. वाढीव वेळ सोडली तर माझा आकडा याच्याशी जुळतो.

२१ जून

दर ९० मिनिटांची यादी उतरत्या क्रमानं लावली तर मेसी आणि एम्बापे वर नव्हतेच. वर होता नेदरलँड्सचा वेगहॉर्स्ट, अर्जेंटिनाविरुद्ध उशिरा येऊन दोन गोल करणारा. आणि पोर्तुगालचा गोन्सालो रामोस, ज्यानं स्वित्झर्लंडविरुद्ध तीन मारले पण स्पर्धेत दोन सामन्यांइतकाही खेळला नाही.

दोघांनी केलं ते खरंच केलं. पण दोन तासांच्या खेळावरून वर्षाचा भाव ठरवता येत नाही. मी रेषा आखली : लीगसाठी किमान ९०० मिनिटं. ९०० का, याला शास्त्र नाही. दहा पूर्ण सामने एवढाच विचार. पण ही रेषा निकाल बघण्याआधी वहीत लिहून तारीख टाकली. निकाल बघून रेषा हलवली की आपल्या आवडीचा माणूस आपोआप वर येतो. हा मोह मला झाला होता, म्हणून लिहितोय.

२२ जून

पेनल्टी. तालमीत आज यावरूनच कडाक्याचं भांडण झालं.

कतारच्या त्या वर्ल्डकपमध्ये मेसीच्या ७ पैकी ४ गोल पेनल्टीवर आले, शिवाय पोलंडविरुद्ध एक अडवला गेला. एम्बापेच्या ८ पैकी २, दोन्ही अंतिम सामन्यातले. पेनल्टी वगळून मेसीचे ३ आणि एम्बापेचे ६ उरतात. दर ९० मिनिटांमागे अंदाजे ०.३९ आणि ०.९०. मेसीवाल्या पोरांनी कागद जवळजवळ फाडलाच.

पेनल्टी सोपी असते म्हणून मी ती वेगळी काढत नाही. ती मारायला कोण जाणार हे संघात आधी ठरलेलं असतं, आणि कुणीही मारली तरी चारपैकी साधारण तीन आत जातात. तेवढ्या गोलांनी स्ट्रायकर म्हणून माणूस किती चांगला हे कळत नाही, संघाचा पेनल्टीवाला कोण हे कळतं. पण हे गोल फेकूनही दिले नाहीत. त्यांचा रकाना वेगळा ठेवला. अंतिम सामन्यात ऐंशीव्या मिनिटाला दोन गोलांनी मागं असताना पेनल्टी मारणं काय असतं, ते त्या रकान्यातून दिसत नाही हेही मान्य आहे.

२९ जून

पाच लीगचा डेटा उतरवायला लागलो आणि पूर्ण आठवडा गेला.

आधी सगळ्या फायली एकदम मेमरीत घेतल्या. एका सामन्यात तीन-साडेतीन हजार घटना असतात. लॅपटॉप गोठला. मग एकेक सामना उघडून त्यातले फक्त शॉट, बदल्या, लाल कार्ड आणि सुरुवातीचे अकरा एवढंच काढून घेतलं आणि बाकी सोडून दिलं. हे चाललं. रात्री चालू करून झोपलो. पहाटे पावसात लाईट गेली, बॅटरी उतरली, आणि कोड पुन्हा पहिल्या सामन्यापासून सुरू झालं. दुसऱ्या रात्रीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी दहा ओळी वाढवल्या : प्रत्येक सामन्याची स्वतंत्र फाईल लिहायची आणि ती आधीच असेल तर पुढं जायचं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खर्च : मोबाईल डेटाची दोन जादा रिचार्ज.

५ जुलै

शॉट कुठून मारले त्याचा नकाशा काढला. अर्धे ठिपके समोरच्या गोलजवळ, अर्धे खेळाडूच्या स्वतःच्या गोलजवळ. सुआरेझ आपल्याच गोलकीपरसमोरून शॉट मारतोय असं चित्र आलं.

हाफनंतर संघ बाजू बदलतात म्हणून दुसऱ्या हाफचे आकडे मी उलटे केले होते. गरजच नव्हती. या डेटात शॉट मारणारा संघ कायम डावीकडून उजवीकडेच खेळतो. मैदान १२० बाय ८० धरलेलं आणि गोलचा मध्य (१२०, ४०) वर. माझी ओळ काढून टाकली आणि ठिपके जागेवर बसले. चित्र काढलं नसतं तर हे कळलंच नसतं, कारण बेरजा बरोबरच येत होत्या.

८ जुलै

सुआरेझचे गोल ४० पेक्षा जास्त भरले. मी नावात सुआरेझ शोधत होतो, आणि त्याच मोसमात व्हियारेआलकडून डेनिस सुआरेझही खेळत होता. नावावर कधी जाऊ नका. डेटात नावं पूर्ण असतात (रोनाल्डोचं नाव पाच शब्दांचं आहे), शिवाय स्वरचिन्हांचा घोळ. प्रत्येकाला क्रमांक असतो, तोच वापरा. मेसीचा ५५०३.

१३ जुलै

आज एकाच गोलवर पूर्ण संध्याकाळ गेली आणि त्याचं वाईट वाटत नाही.

१४ फेब्रुवारी २०१६, बार्सिलोना-सेल्टा. मेसी पेनल्टी घ्यायला आला आणि शॉट मारण्याऐवजी चेंडू हळूच बाजूला ढकलला. मागून धावत आलेल्या सुआरेझनं तो गोलमध्ये घातला. हा पेनल्टीचा गोल की मैदानी? नियमानं सुआरेझचा मैदानी गोल आणि मेसीची असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा पास. पण मी पेनल्टी वेगळ्या काढल्या त्या यासाठी की ती संधी खेळातून घडवलेली नसते. मग हीही नव्हतीच.

शेवटी नोंद आहे तशीच, म्हणजे मैदानी म्हणून ठेवली आणि तळटीप दिली. अपवाद एकासाठी केला की उरलेल्या पाच जणांसाठीही करावा लागतो, आणि त्यांचे सगळे गोल मी डोळ्यांनी बघितलेले नाहीत. ती चित्रफीत मात्र तालमीत चारदा लावली. रोनाल्डोवालेही हसत होते.

१९ जुलै

गोल थोडे असतात, शॉट जास्त. म्हणून एक्सजी घेतलं : त्या जागेवरून, तशा स्थितीत मारलेला शॉट किती वेळा आत जातो त्याचा अंदाज, ० ते १ मध्ये. इथंही खड्डा आहे. गोलकीपरनं अडवलेला चेंडू परत आला आणि त्याच पायानं पुन्हा मारला तर दोन शॉट धरले जातात. ०.६ आणि ०.७ ची बेरीज १.३ होते, पण एका हल्ल्यातून एकापेक्षा जास्त गोल होऊच शकत नाही. म्हणून दोन्ही चुकण्याची शक्यता गुणायची (०.४ गुणिले ०.३ म्हणजे ०.१२) आणि १ मधून वजा करायची. आले ०.८८.

२६ जुलै

हा भाग सगळ्यात कठीण गेला : समोर कोण होतं?

रेयाल माद्रिदचेच दोघं घेतले, म्हणजे संघ आणि लीगचा प्रश्न मिटतो. पेनल्टी सोडून रोनाल्डोचे ३६ सामन्यांत २९. बेलचे २३ सामन्यांत १९, पेनल्टी एकही नाही. सामन्यामागे ०.८१ आणि ०.८३. बेल पुढं! मावसभाऊ मानायलाच तयार नाही.

मग २० डिसेंबर २०१५ चा सामना उघडला. माद्रिद १०, रायो वायेकानो २. रायो २-१ नं पुढं होता, मग पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचे दोघं लाल कार्डावर बाहेर गेले. बेलनं चार मारले, सगळे त्यांचा पहिला माणूस गेल्यावर. ते चार काढले की बेल ०.६५ वर येतो. रोनाल्डोचा त्यात एकच मैदानी गोल, तो ०.७८ वर.

समाधानानं तक्ता बंद केला आणि रात्री झोपताना चूक लक्षात आली. गोल काढले, पण दहा-नऊ जणांविरुद्ध खेळलेली मिनिटं तशीच ठेवली. गोल काढायचे तर ती मिनिटंही काढायला हवीत. आणि फक्त याच सामन्यातली नाही, दोघांच्या सगळ्या सामन्यांतली. आता प्रत्येक मिनिटाला मैदानावर समोर किती माणसं होती हा रकाना केलाय. त्यात सहा रात्री गेल्या.

अशीच चूक सुआरेझबाबत केली होती. त्याच्या ४० पैकी १४ गोल शेवटच्या पाच सामन्यांतले. देपोर्तिवोविरुद्ध ४, हिहोनविरुद्ध ४, ग्रानादाविरुद्ध ३. हे फुगलेले म्हणून पाच सामने वगळून २६ भागिले ३० असं काढलं. आण्णांनी एका वाक्यात पकडलं, "मग बाकीच्यांचं चांगलं पाच सामनं का न्हाई काढलंस?" रोनाल्डोनं एस्पान्योलविरुद्ध एकाच सामन्यात पाच मारले होते. लेवांडोवस्कीनं वोल्फ्सबुर्गविरुद्ध नऊ मिनिटांत पाच. ती कात्री मी फक्त सुआरेझवर चालवली होती. तक्ता रद्द केला.

२ ऑगस्ट

लीगलीगमधला फरक. जर्मनीत त्या मोसमात सामन्यामागे २.८ च्या आसपास गोल, फ्रान्समध्ये २.५. मी सरासरीनं भागलं. परिणाम असा की फ्रान्समध्ये गोल कमी, म्हणून इब्राहिमोविच आणखी वर गेला. आणि त्याचा पॅरिसचा संघ तर ३१ गुणांच्या फरकानं लीग जिंकला होता! गोल कमी होतात म्हणजे लीग अवघड, असं नसतं. समोरचे हल्लेही कमकुवत असू शकतात. युरोपच्या गोल्डन शूमध्ये (लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचं बक्षीस) पाचही मोठ्या लीगना सरसकट २ नं गुणतात, सुआरेझला त्यामुळे ८० गुण मिळाले. तो नियम ढोबळ आहे, पण माझी भागाकाराची युक्ती त्याहून वाईट ठरली.

बदली म्हणून संघाच्या गोलांतला वाटा काढला. हिग्वेन ८० पैकी ३६, म्हणजे ४५ टक्के, तेही तीन सामन्यांची बंदी भोगून. लेवांडोवस्की ८० पैकी ३०. इब्राहिमोविच १०२ पैकी ३८. सुआरेझ ११२ पैकी ४०. रोनाल्डो ११० पैकी ३५. हिग्वेनचा आकडा बघून मला त्याच्याबद्दल नव्यानं आदर वाटला. तरी हा निकष सुआरेझवर अन्याय करतो. शेजारी मेसी आणि नेमार असल्यावर कुणाचाही वाटा कमीच दिसणार. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले, एकत्र करून गुण काढले नाहीत.

३ ऑगस्ट

गोल थोडे असले की नशिबाचा भाग मोठा असतो. ४० गोल करणारा तेवढाच चांगला खेळला असता तरी २९ ते ५४ मध्ये कुठंही थांबू शकला असता. २६ वाल्याची पट्टी १७ ते ३८. पट्ट्या एकमेकींवर चढतात, म्हणजे फरक नाही, असं लिहून टाकलं. तेही चुकीचं. पट्ट्या चढल्या तरी फरक खरा असू शकतो, दोघांचं गुणोत्तर काढून त्याची पट्टी बघावी लागते. सामन्यांवर मांडलं तर सुआरेझ मेसीच्या १.४५ पट, पट्टी ०.८९ ते २.३८. यात १ येतो, म्हणजे एवढ्या डेटावर छातीठोकपणे सांगता येत नाही. सुआरेझ आणि इब्राहिमोविच यांच्यात तर काहीच सांगता येत नाही.

९ ऑगस्ट

गोल न करणाऱ्यांचं बघू म्हणून चार दिवस घातले आणि सोडून दिलं. कांटेनं इंग्लंडच्या लेस्टरकडून १७५ टॅकल केले, म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू काढला, पण लेस्टरकडे चेंडू कमी असायचा, त्यामुळे संधीच जास्त. आर्सेनलच्या ओझिलच्या १९ असिस्टपैकी १६ डिसेंबरअखेरच झाल्या होत्या, उरलेल्या मोसमात ३. पास देणारा तोच, पुढच्यांचे शॉट आत जाईनात. दोघांसाठी वेगळी पद्धत हवी, ती या तक्त्यात कोंबणार नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदनानंतर तक्ता तालमीच्या भिंतीवर लावला. फ्लेक्सचे २१० रुपये. सहा खेळाडू, पाच रकाने, प्रत्येक आकड्याला पट्टी. क्रमांक दिलेले नाहीत.

पहिला प्रश्न अर्थातच, "मग जिंकलं कोण?" सांगितलं, सगळ्यात जास्त गोल करणाऱ्या पहिल्या चौघांत मला फरक दाखवता येत नाही. पोरं नाराज झाली. दोघंतिघं मात्र तासभर रकान्यांवर बोट ठेवून भांडत बसले, आणि भांडण पेनल्टी धरायची की नाही यावर होतं. गेल्या जूनमध्ये हे भांडण नुसत्या नावांवर चालायचं.

आण्णा शेवटी आले. सगळं वाचलं, आणि विचारलं, "आपला अनिकेत हाय का रं त्यात?" अनिकेत जाधव, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला आमच्या कोल्हापूरचा पोरगा. त्या पाच लीगमध्ये नाही, पण त्याच साठ्यात आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) २०२१-२२ चा मोसम आहे आणि तो हैदराबादकडून खेळत होता. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच झाला, म्हणजे घरचं मैदान-बाहेरचं मैदान हा फरकही पुसला जातो. कोड तेच चालेल.

१७ ऑगस्ट

आयएसएलचे सामने उतरवायला लावलेत. आण्णांचा दुसरा प्रश्न मात्र अडला : शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या आपल्या पोरांची अशी तुलना होईल का? आमच्याकडं गोल कुणी केला एवढंच लिहिलेलं राहतं. कोण कितव्या मिनिटाला आत आला, कोण बाहेर गेला, हे कुठंच नाही, आणि मिनिटं नसली की पुढचं काहीच निघत नाही.

दोनशे पानी वही आणली, ६५ रुपये. रकाने आखून झाले : आत, बाहेर, गोल, पेनल्टी, पास कुणाचा, समोर किती माणसं. मावसभाऊ उत्तरेच्या गॅलरीत बसणार, मी दक्षिणेच्या, म्हणजे एकाची नजर चुकली तर दुसऱ्याच्या वहीत सापडेल.